होडीला सुटलेला घाम

सांगलीच्या माणसाला पाण्याविषयी कोणी नव्याने काही शिकवावे, अशी वेळ सहसा येत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हे आमच्याकडे ख्यालीखुशालीसारखे विचारले जाते. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे आकडे पाढ्यांच्या बरोबरीने पाठ होतात. २००५, २०१९ आणि २०२१ ही महापुराची वर्षे घरातल्या लग्नांच्या तारखांसारखी आमच्या तोंडी असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, तेव्हा पेठेतल्या आमच्या जुन्या दुकानातली गादी, तिजोरी आणि तराजू ही तिन्ही पाण्याखाली होती. अशा गावात वाढलेल्या आणि पुढे बँकेच्या खुर्चीत बसून व्यापाऱ्यांना आयुष्यभर जोखमीवर उपदेश केलेल्या मला, वस्तू कोरडी ठेवणे म्हणजे काय याचा धडा अवघ्या ६५ सेंटिमीटर लांबीच्या एका खेळण्याकडून मिळाला. त्या खेळण्याच्या निमित्ताने घरातली एक जुनी नोंदही उघडली गेली. म्हणून हे लिहितो आहे.

माझी मुलगी साताऱ्यात असते. माझ्या नोकरीची बरीच वर्षेही त्याच गावात गेली. वेण्णेचे पाणी माहुलीला कृष्णेला मिळते, पुढे कराडला कोयना येऊन मिळते आणि ते सारे आमच्या सांगलीच्या घाटाला लागते. त्यामुळे सातारा मला कधी परगाव वाटले नाही. निवृत्तीनंतर महिन्यातले आठ-दहा दिवस मी तिकडेच असतो. नातू आठवीत आहे. एन.सी.सी.च्या नौदल शाखेत शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती तयार करून पाण्यात चालवण्याची स्पर्धा असते, हे त्याने कुठून तरी ऐकले आणि 'आजोबा, आपण एक करू या' असा हट्ट धरला. रिकाम्या माणसाला हट्ट करणारे कोणी असावे लागते. मी होकार दिला.

ज्यांनी अशी होडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तिला इंजिन नसते. ती वाऱ्यावरच चालते. काठावर उभा असलेला माणूस हातातल्या ट्रान्समीटरने दोनच गोष्टी करू शकतो. सुकाणू वळवणे ही एक आणि शिडांच्या दोऱ्या ओढणे किंवा ढिल्या सोडणे ही दुसरी. त्यासाठी होडीच्या पोटात एक रिसीव्हर, दोन सर्व्हो मोटारी, एक स्विच आणि बॅटरी एवढाच ऐवज असतो. खाली शिशाचा गोळा लावलेला लांब पंखा असतो, त्यामुळे वाऱ्याने कलली तरी ती पुन्हा सरळ होते. जगभर यांच्या शर्यती होतात आणि त्यांचे वर्ग ठरलेले आहेत. 'इंटरनॅशनल वन मीटर' या वर्गाची होडी जास्तीत जास्त एक मीटर लांब आणि कमीत कमी चार किलो वजनाची असावी लागते. आमची होडी त्याहून लहान, ६५ सेंटिमीटरच्या वर्गातली होती. प्लॅस्टिकचा सांगाडा आणि शिडे तयार संचात आली. आतला लाकडी पाट, म्हणजे ज्यावर मोटारी बसवतात तो, आम्ही प्लायवूडचा कापून बसवला. इंधन नाही, धूर नाही, आवाज नाही, म्हणून मला तो खेळ आपल्या घराला शोभणारा वाटला.

माझ्या वहिनींना तो तसा वाटला नाही. त्यांचे वय आज त्र्याहत्तर आहे. पाणी गाळल्याशिवाय त्या हात धुवायलाही घेत नाहीत. होडी पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, कारण नसताना पाणी घुसळायचे, हा अनर्थदंड नव्हे का?" श्रावकाच्या व्रतांत निष्कारण पाणी सांडणे, जमीन उकरणे, अग्नी पेटवणे यांना प्रमादचर्या म्हटले आहे, हे मलाही ठाऊक होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. चातुर्मासात होडी पाण्यात घालायची नाही, एवढे मी कबूल केले. तसेही त्या दिवसांत आमच्या नद्या खेळण्यांसाठी नसतात. वहिनींचे समाधान झाले असे म्हणवत नाही, पण त्यांनी विषय वाढवला नाही.

महाबळेश्वरचे वेण्णा तळे १८४२ साली सातारच्या महाराजांनी बांधवून घेतले, पण तिथे आज हौशी नौकाविहाराची इतकी गर्दी असते की आमच्या होडीला जागा मिळणे कठीण. तासगावकडच्या एका नातलगांनी आपले शेततळे देऊ केले होते. द्राक्षबागेचे ते तळे आणि त्याचा प्लॅस्टिकचा उतार पाहून मी नातवाला काठाजवळही जाऊ दिले नाही. त्या गुळगुळीत कागदावरून घसरलेल्या माणसाला वर येता येत नाही. ज्यांच्याकडे शेततळी आहेत त्यांनी काठाला दोर बांधून ठेवावा, हे जाता जाता सांगतो. शेवटी आम्ही साताऱ्याजवळचा कण्हेर धरणाचा जलाशय निवडला. त्या भागात वाऱ्याला तोटा नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उगाच उभी राहिलेली नाही.

पहिल्या दिवशी होडी पंचवीस मिनिटे सुरेख चालली आणि मग ऐकेनाशी झाली. सुकाणू एका बाजूला अडकले, शीड फडफडू लागले आणि ती आपल्या मनाने गोल फिरत वाऱ्याबरोबर दुसऱ्या काठाला लागली. आम्ही शेताच्या बांधावरून दोन किलोमीटर वळसा घालून ती आणली. झाकण उघडले तर आत पेलाभर पाणी होते आणि बॅटरीचा डबा त्यात पोहत होता. नातवाने घाईने स्विच पुन्हा चालू-बंद करून पाहिला. ती चूक होती, हे नंतर कळले. भिजलेल्या उपकरणाची आधी बॅटरी काढायची असते. वीज खेळत नसेल तर स्वच्छ पाणी सहसा तितके नुकसान करत नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की तांब्याच्या टोकांचा क्षय सुरू होतो. बॅटरी काढावी, गढूळ पाणी गेले असेल तर डिस्टिल्ड वॉटरने धुवावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि एक-दोन दिवस वाळल्यावरच पुन्हा जोडणी करावी. आम्ही यातले काहीच केले नाही आणि एक सर्व्हो गमावली.

पाणी आले कुठून? मी जुन्या सवयीने तपासणीला बसलो. शाखेत रोकड कमी भरली की दिवसभरातली प्रत्येक जावक पाहावी लागते, इथे आवक पाहायची होती. होडी बादलीत दाबून धरली आणि आत टॉर्च लावला. सुकाणूचा दांडा ज्या नळीतून पोटात येतो ती नळी आखूड होती. तिचे वरचे तोंड पाण्याच्या पातळीच्या जेमतेम वर होते, त्यामुळे होडी कलली की तिथून पाणी झिरपत होते. ती नळी उंच करून थेट वरच्या फळीपर्यंत नेली, सांधा ईपॉक्सीने भरला आणि नळीत ग्रीस घातले. पाण्याला चढायला उंचीच उरली नाही, तेव्हा ते यायचे थांबले.

दुसरी वाट शिडाच्या दोरीची. दोरी आतल्या मोटारीकडून वर येते, तेव्हा तिला भोक हवेच, आणि ते बुजवता येत नाही, कारण दोरी सरकली पाहिजे. आम्ही भोक कडेला पाडले होते. वाऱ्यात होडी ज्या अंगावर कलते ती कड पाण्याखाली जाते, हे बसवताना ध्यानात आले नाही. मग भोक मधोमध नेले आणि त्यावर दोन बोटे उंचीची वाकडी नळी बसवली. झाकणाच्या भोवती शिडाच्या कापडाची चिकटपट्टी लावली. रिसीव्हरची तार पाण्याच्या पातळीच्या वर, फळीला लागून चिकटवली, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जवळजवळ जातच नाहीत. होडी बुडू नये म्हणून पुढच्या टोकात थर्मोकोलचे तुकडे कोंबले. रिसीव्हर रबरी फुग्यात घालून फुग्याचे तोंड तारांभोवती घट्ट बांधले. शिवाय खबरदारी म्हणून तळाशी एक स्पंज ठेवला, चुकून थेंब आलाच तर तो टिपून घेईल म्हणून. एवढा बंदोबस्त केल्यावर मला बँकेच्या स्ट्राँगरूमला दुहेरी कुलूप लावल्यासारखे समाधान झाले.

पुढच्या खेपेस होडी दोन तास चालली. आत पाहिले तर स्पंज दमट होता, पण पाणी नव्हते. आम्ही खूश होऊन झाकण लावले, पट्टी दाबली आणि होडी गाडीत घातली. मी सांगलीला येताना ती बरोबर आणली, कारण नातवाची परीक्षा होती. दहा-बारा दिवस ती गच्चीवरच्या खोलीत तशीच बंद होती. मार्चचे ऊन होते. नंतर उघडली तेव्हा स्विच मेला होता. रिसीव्हरच्या पिनांवर हिरवी बुरशी दिसावी तसा थर चढला होता आणि फुग्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक मणी लगडले होते. होडीत पाणी शिरलेच नव्हते. बादलीत बुडवून मी तीनदा खात्री केली. एक थेंबही आत येत नव्हता आणि आतले सारे भिजून खराब झाले होते.

एम.कॉम.च्या माणसाने करावे ते मी केले, म्हणजे हिशेब मांडला. होडीच्या पोटात सुमारे चार लिटर हवा मावते. ३५ अंशांना हवा घनमीटरमागे जवळजवळ ४० ग्रॅम वाफ धरू शकते, २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम. या हिशेबाने चार लिटर हवेतून निथळणार किती, तर एक-दोन थेंब. एवढ्याने हा अनर्थ व्हायला नको. ताळेबंद जुळत नव्हता.

त्या दिवशी दादा गच्चीवर आले. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. वय सत्याहत्तर. वडील गेल्यावर हळदीचे अडत दुकान त्यांनी चालवले आणि मला शिकवले. त्यांच्या-माझ्या वयात बारा वर्षांचे अंतर आहे, म्हणून मी त्यांना आजही अहो-जाहो करतो. गुडघ्यांमुळे ते सहसा जिना चढत नाहीत. मी काय उद्योग करतो आहे ते पाहायला म्हणून ते कठडा धरत वर आले आणि खुर्चीत बसले. मी सारी कहाणी सांगितली. त्यांनी होडी मांडीवर घेतली, चष्मा वर केला आणि झाकणाच्या भोकाला नाक लावून वास घेतला. नुसत्या वासावर पोत्यातल्या मालाची जात सांगणारा तो माणूस. मग बोट आत घालून त्यांनी प्लायवूडचा पाट चाचपला, स्पंज दाबला.

"बाळ, हिला घाम सुटलाय," ते म्हणाले. "पाणी बाहेरून आलेलं नाही. तू आत कोंडलंस."

आणि मग त्यांनी मला हरिपूरच्या पेवाची गोष्ट समजावली. ज्यांनी पेव पाहिले नाही अशा नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगायला हवे. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे खणत. तोंड अरुंद आणि पोट मोठे. आतून पेंढ्या-पाचटाचे अस्तर द्यायचे, हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करून टाकायचे. तिथल्या मातीचा गुणच असा की पाणी आत पाझरत नाही. आत हवा खेळत नसल्याने हळदीला कीड लागत नाही, म्हणून औषध मारावे लागत नाही, याचा दादांना फार अभिमान. वर्षानुवर्षे माल रंगासकट टिकतो. पेव उघडल्यावर मात कोणी लगेच आत उतरत नाही. आधी बराच वेळ ते उघडे ठेवायचे, मग कंदील खाली सोडून पाहायचा. कंदील विझला तर आत माणसाला श्वास घेता येणार नाही, असे समजायचे. आपल्या भाषेत 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार सगळे वापरतात, पण फुटलेले पेव पाहिलेली माणसे आता थोडी राहिली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा दादांनी पेढे वाटले होते.

"पेव बांधणारा पाण्याची काळजी करतोच," दादा म्हणाले. "पण अडत्याची काळजी वेगळी असते. माल पुरता वाळलाय का, ही. शिजवलेली हळद उन्हात दहा-पंधरा दिवस पडली पाहिजे. हळकुंड मोडलं की कट्‌कन आवाज आला पाहिजे. वाकलं तर भरायचं नाही. ओल मालातच असली आणि तू तोंड बंद केलंस, की ती जाणार कुठं? दिवसा तापते, वाफ होते, रात्री गार पडते, वरच्या थरावर घाम येतो. मग काळं पडायला लागतं. जेवढं घट्ट बंद करशील तेवढं जास्त."

माझा ताळेबंद तिथे जुळला. मी हवेतली वाफ मोजली होती. स्पंज आणि लाकूड या खात्यांची शिल्लक धरलीच नव्हती. दमट स्पंजात पाच-दहा ग्रॅम पाणी सहज असते आणि ते बारा दिवस रोज उन्हाने उडत होते, रात्री फुग्याच्या भिंतीला लागत होते. त्यात आम्ही बॅटरीचा जोड काढलेला नव्हता. स्विच बंद असला तरी स्विचपर्यंतच्या तारेत वीज असतेच, म्हणून सगळ्यात आधी तो गेला. फुगा तर सर्वांत वाईट. तारांच्या फटीतून वाफ आत गेली आणि तिला बाहेर यायला वाट नव्हती.

फोनवरून नातवाने उपाय सुचवला, की रिसीव्हर तांदळात पुरून ठेवा. दादांना हसू आले. "दुकानातल्या तांदळातच बारा-तेरा टक्के ओल असते. तो दुसऱ्याची काय ओढणार?" मी औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या साठवल्या होत्या, त्या पुढे केल्या. त्यांनी विचारले, "ह्या किती दिवस उघड्यावर पडल्यात?" दोन वर्षे, मी म्हणालो. "मग पोट भरलंय त्यांचं." हे अगदी खरे निघाले. सिलिका जेल हवेतली ओल घेऊन तृप्त झाले की ते निरुपयोगी होते. ते सुमारे १२० अंशांवर तासभर तापवले की पुन्हा कामाला येते. ज्याचा रंग बदलतो असे घेतले तर केव्हा तापवायचे ते दिसते. निळ्या रंगाचे मात्र घेऊ नये, त्यात कोबाल्टचे विषारी क्षार असतात. तापवण्यासाठी वहिनींकडे तवा मागितला, तो मिळाला नाही. स्वयंपाकघरातले भांडे या कामाला द्यायचे नाही हा त्यांचा निर्णय रास्तच होता. जुन्या बाजारातून एक वेगळी कढई आणली.

एवढे बोलून दादा बराच वेळ गप्प बसले. होडी त्यांच्या मांडीवरच होती. मग, समोर न पाहता, त्यांनी विचारले, "२००५ चं आपलं पेव आठवतं तुला?"

न आठवून कसे चालेल? त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी साताऱ्याला मला फोन केला होता. हरिपूरच्या पेवातली सगळी हळद विकून टाकावी म्हणतो, असे ते म्हणाले होते. मी त्या वेळी शाखाधिकारी होतो आणि मला भावांच्या चढउतारांवर बोलायला आवडत असे. मी त्यांना साठवणुकीचा खर्च, व्याजाचा दर, मागणीचा हंगाम असे सगळे गणित मांडून दाखवले आणि 'दिवाळीपर्यंत थांबा' असा सल्ला दिला. त्यांनी माझे ऐकले. जुलैच्या अखेरीस कृष्णा वाढली, हरिपूरला पाणी चढले आणि इतर कित्येकांच्या पेवांबरोबर आमचेही गेले. ती हळद काढली तेव्हा मी मुद्दाम रजा घेऊन आलो होतो. त्या चिखलाचा वास अजून माझ्या नाकात आहे. दुकान सावरायला दादांना सहा वर्षे लागली. पुतणीचे लग्न दोन वर्षे पुढे गेले. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावणीच्या दिवशी आम्ही दोघे दरवर्षी हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतो. त्या शब्दांच्या आड मी दर वर्षी ती एक नोंद लपवत आलो होतो. कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागणे सोपे असते. नेमकी कोणती चूक, हे सांगून मागणे मला जमले नव्हते.

"मला का विकायची होती, ते तुला सांगितलं नव्हतं," दादा म्हणाले. "त्या साली वळवानं गाठलं. माल पुरता वाळला नव्हता. हळकुंडं वाकत होती. तरी घाईनं भरला. मे महिन्यात पेवाचं तोंड थोडं उघडून पाहिलं तर आतून ऊब आली, आणि हा वास." त्यांनी होडीकडे बोट केले. "हाच. मला कळलं माल घामेजलाय. वरचा थर बाजूला काढून बाकीचा एखाद्या परगावच्या व्यापाऱ्याच्या गळ्यात घालावा, असं मनात आलं. म्हणून तुला फोन केला. तू म्हणालास थांबा. मी खरं कारण कसं सांगणार? मुकाट्यानं तोंड बंद केलं. मग पूर आला आणि सगळंच सारखं झालं. ओला कुठला आणि भिजला कुठला, कोणाला कळणार?"

मला काही सुचेना. वाईट माल चांगला म्हणून देणे याला आपल्या शास्त्रात प्रतिरूपक व्यवहार म्हणतात आणि अचौर्यव्रताच्या अतिचारांत त्याची गणना आहे, हे दादांनीच मला लहानपणी दुकानाच्या गादीवर बसवून सांगितले होते. आमच्या दुकानाची सगळी पत 'यांच्या पोत्यात हात घालावा लागत नाही' या एका वाक्यावर उभी होती.

"तू थांबवलंस म्हणून ते माझ्या हातून झालं नाही," ते म्हणाले. "पण थांबलो ते चांगुलपणानं नव्हे, हेही खरं."

एवढी वर्षे मनात घोळवलेले माझे वाक्य त्या क्षणी मला बोलायलाच हवे होते. मी म्हणालो, "दादा, थांबा म्हणालो तो मी. मला हळदीतलं काही कळत नव्हतं, तरी म्हणालो. तुमची सहा वर्षं गेली."

"हो, म्हणालास," दादा म्हणाले. 'असू दे' म्हणतील असे मला वाटले होते. ते तसे म्हणाले नाहीत. त्यांनी स्पंज माझ्या हातात दिला आणि "हा आधी उन्हात टाक" असे सांगून जिन्याकडे वळले. उतरताना मी हात धरला, तो त्यांनी सोडवला नाही.

त्यानंतर होडी आम्ही नव्याने बांधली. फुगा काढून टाकला. रिसीव्हरच्या पट्टीवर पारदर्शक नेल पॉलिशचा हात दिला, पिना सोडून. जोडांना सिलिकॉन ग्रीस लावले. प्लायवूडचा पाट आठ दिवस उन्हात ठेवला आणि मग सहाही बाजूंनी ईपॉक्सीने बंद केला, कडाही सोडल्या नाहीत, कारण प्लायवूड कडेनेच पाणी पिते. स्पंजाला रजा दिली. मागच्या टोकाला तळाशी एक बूच बसवले, ते काढले की आलेले पाणी वाहून जाते. लिथियमची बॅटरी हलकी असते, पण ओल आणि मुलांचे हात लक्षात घेऊन आम्ही रिचार्ज होणारे चार साधे निकेलचे सेल पसंत केले. आता काठावर आलो की पहिल्यांदा बॅटरी सोडवतो, मग बूच, मग झाकण, आणि होडी रात्रभर उघडी ठेवतो. बंद करायची ती दुसऱ्या खेपेला, पाण्यात घालण्याच्या आधी, सिलिका जेलची ताजी तापवलेली पुडी टाकून. साठवणीच्या काळात तिला झाकणच लावत नाही. सुताच्या जाळीचा एक तुकडा वर बांधतो, म्हणजे किडा-मुंगी आत जाऊन अडकत नाही. ही जाळी वहिनींनी शिवून दिली.

मे महिन्यात दादा साताऱ्याला आले. त्यांना कण्हेरच्या काठी छत्रीखाली खुर्ची मांडून दिली. वारा मनासारखा होता. होडी कड बुडेपर्यंत कलत होती, पाणी फळीवरून वाहत होते आणि ती पुन्हा उभी राहत होती. दीड तास झाला. नातवाने ती काठाला आणली, बॅटरी सोडवली, बूच काढले. पाच-सहा थेंब पडले. त्याने झाकण उघडून होडी मोठ्या आजोबांपुढे धरली.

दादांनी आत बोट फिरवले, मग नाक लावले. नातू त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. त्यांनी बोट धोतराला पुसले आणि म्हणाले, "लगेच बंद करू नको. ऊन उतरेपर्यंत राहू दे तशीच."